भंगारातल्या कुऱ्हाडी, पडवीतले कोयते

कणकवली तालुक्यात डोंगराच्या उतारावर आमची काजूची बाग आहे. मी राहतो पुण्यात. बेणणीच्या, म्हणजे बागेतलं गवत आणि झुडपं साफ करायच्या, दिवसांत गावी जातो. आता बेणणी सगळीकडे ग्रासकटरने होते, आमच्याकडेही होते. गवत आणि कोवळी रानमोडी यंत्र झपाझप कापतं. पण करवंदाच्या जाळीत त्याची दोरी गुंतून तुटते, जांभ्याच्या खडकावर पातं आपटतं, आणि मनगटाएवढी जाड झालेली घाणेरी आली की यंत्र खाली ठेवून कोयताच काढावा लागतो. ऐनाची किंवा किंजळीची पडलेली फांदी तोडायला कुऱ्हाड लागते ती वेगळीच.

बाजारात टांगलेले स्वस्त कोयते मी हाताळून पाहिले आहेत. पत्र्यातून कापलेलं पातं, एका बाजूने ग्राइंडर फिरवून काढलेली धार आणि वरून काळा रंग. वाळलेल्या ऐनावर दोन घाव घातले की धार दुमडते. चांगला कोयता आजही लोहार करून देतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो आणि तसे लोहार कमी होत चाललेत. उलट जुन्या घरांच्या पडव्यांत, माळ्यांवर आणि भंगाराच्या ढिगांत अस्सल पोलादाची हत्यारं गंजत पडली आहेत. यंत्र आलं, हत्यार कोपऱ्यात गेलं, आणि म्हातारी माणसं गेल्यावर ते वजनावर विकलं गेलं. मला हे फार लागतं, म्हणूनच मी ती शोधायला आणि पुन्हा कामाची करायला लागलो.

पुण्यात मंगळवार पेठेजवळचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पाने, पक्कडी, तुटके नळ, सायकलच्या साखळ्या यांच्या ढिगात कुऱ्हाडीची डोकी सापडतात, बहुतेक दांड्याशिवायच. मी खिशात एक छोटी कानस, सुतळी आणि खडूचा तुकडा ठेवतो. गंज पाहून मी कधी घाबरत नाही. वरवरचा तांबूस गंज म्हणजे हत्यार काही वर्षं कोणी वापरलेलं नाही, एवढंच. खोल खड्डे पडलेला गंज धारेच्या जवळ असेल तरच सोडून द्यायचं, कारण प्रत्येक वेळी धार लावताना तो खड्डा धारेवर येणार आणि तिथे दात पडणार.

सगळ्यात आधी दांडा बसतो ते भोक पाहायचं. कुऱ्हाडीच्या माथ्याने पहारी आणि लोखंडी पाचरी ठोकायची सवय पुष्कळांना असते. माथा मशरूमसारखा फुलतो, त्याखालचं भोक वाकडं होतं, आणि मग त्यात कुठलाच दांडा सरळ बसत नाही. फुललेला माथा कापून काढता येतो; वाकडं भोक नीट करायला मात्र भट्टीच लागते. दुसरी गोष्ट भेग. सुतळीला डोकं टांगून पान्याने हलकेच टकटक करायचं. सलग लोखंड खणखणीत वाजतं, भेग असेल तर आवाज दबका येतो. घरी आणल्यावर शंका राहिली तर रॉकेलची परीक्षा करतो: डोकं रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचं, बाहेर काढून कोरडं पुसायचं आणि वर खडू घासायचा. भेगेत शिरलेलं रॉकेल हळूहळू खडूत उतरतं आणि भेग रेघेसारखी उमटते.

तिसरी परीक्षा कानशीची, आणि ती मी विक्रेत्याला विचारूनच करतो. धारेच्या कडेला कानस एकदा हलकी फिरवायची. ती थोडी चावून पण अडत अडत गेली तर पाणी, म्हणजे तापवून-विझवून पोलादाला दिलेला कडकपणा, शाबूत आहे. लोण्यात गेल्यासारखी शिरली तर धार मऊ पडलेली आहे, आणि याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. मोडलेला दांडा भोकातून निघेना म्हणून कोणीतरी डोकं चुलीत टाकलेलं असतं. लाकूड जळतं, भोक मोकळं होतं, आणि पोलादाचं पाणीही त्याच आगीत जातं. गावोगावी हे चालतं. दांड्याचं खोड ड्रिलने पोखरून पंचाने ठोकलं की तेच काम थंडपणे होतं. जाळायचंच असेल तर निदान धारेचा भाग ओल्या मातीत पुरून वरचा माथा तेवढा निखाऱ्यावर ठेवावा.

असंच एकदा सायकलच्या सुट्या भागांखाली एक जड डोकं हाताला लागलं. चिखल आणि ग्रीस खरवडल्यावर रुंद बाणाची खूण दिसली आणि तिच्याजवळ ‘गिल्पिन’ ही अक्षरं. ती बाणाची खूण ब्रिटिश सरकारच्या, विशेषतः लष्कराच्या, मालावर मारली जाई. आणि गिल्पिन हा इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यातल्या कॅनॉकजवळचा कुऱ्हाडी आणि धारदार हत्यारं करणारा जुना कारखाना. खडकी, देहूरोड आणि पुण्याची छावणी इतक्या जवळ असताना असा माल भंगारात उतरावा यात नवल नाही. विक्रेत्याने ते पान्यांच्या भावात दिलं. मी त्याला खुणेचा अर्थ सांगितला तेव्हा तो म्हणाला, “असू दे की साहेब, तुमच्याकडे कामाला तरी लागेल.”

कोयते मात्र मी पुण्यातून घेत नाही, कोकणातूनच शोधतो. ऊसतोडीचा कोयता रुंद, सपाट आणि हलका असतो, तो उसासाठीच चांगला. आमच्याकडचा कोयता पुढे चोचीसारखा वळलेला असतो, त्या वळणात फांदी धरून ओढून तोडता येते. करवंदाच्या जाळीत हात न घालता काम करायचं तर ती चोच हवीच. कणकवलीच्या एका भंगारवाल्याकडे आणि वाडीतल्या दोन-तीन घरांत विचारत गेलो. लोक आनंदाने दाखवतात. एका आजींनी पडवीच्या वाशात खोचलेला कोयता काढून दिला, पैसे घेईनात. त्याचं पातं वर्षानुवर्षं निसून निसून अर्ध्यावर आलं होतं, पण पाठ जाड आणि सरळ होती. असा झिजलेला कोयता मला नव्याकोऱ्यापेक्षा जास्त आवडतो, कारण वाईट पोलाद इतकं झिजेपर्यंत कोणी जपत नाही.

इथे एक मनातलं सांगतो. पुण्यात गेल्या काही वर्षांत कोयता हा शब्द गुन्ह्यांच्या बातम्यांत इतका आला आहे की हातात कोयता दिसला की लोक बिचकतात. ज्या हत्याराने घराघरांत नारळ सोलले, पालेदार फांद्यांची कवळं तोडली आणि बागा राखल्या, त्याच्या वाट्याला हे यावं याचं मला वाईट वाटतं. शस्त्र अधिनियम, 1959 च्या व्याख्येतून केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेली हत्यारं वगळलेली आहेत. तरी मी पात्याला जुन्या सायकल ट्यूबची पट्टी गुंडाळून, वर गोणपाट बांधून, सामानाच्या तळाशी ठेवूनच नेतो. शेजारी बसलेल्या माणसाला भीती वाटू नये म्हणून.

आता मुख्य काम. जुन्या हत्यारात आपण जे विकत घेतो ते म्हणजे त्याचं पाणी, त्याची जाडी आणि झिजून झिजून आलेला आकार. दुरुस्तीची जवळजवळ प्रत्येक पायरी या तिघांपैकी काहीतरी काढून घेऊ शकते. म्हणून मी ग्राइंडर वापरत नाही. ग्राइंडरच्या चाकाखाली पातळ धार क्षणात तापते आणि निळा डाग उमटतो. तो निळा डाग म्हणजे तिथलं पोलाद 300 अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊन आलं आणि मऊ पडलं. आरशासारखं चकचकीत केलेलं कुऱ्हाडीचं डोकं भिंतीवर छान दिसतं, पण त्या चकाकीपायी गेलेलं लोखंड परत येत नाही.

गंज काढण्याआधी सगळं रॉकेलने पुसून घेतो आणि जुन्या पोलादी पट्टीने खरवडतो. सुट्या पापुद्र्यांचा निम्मा गंज तिथेच जातो. मग आंबट पाणी. गावी असलो तर बिंबलं वापरतो. आमच्या परसातलं झाड मोसमात बुंध्यापासून लगडतं, माशांच्या आमटीत घालून उरतातच. ती ठेचून पात्यावर लेप द्यायचा, वर केळीचं पान. बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल असतं, ते गंज सोडवतं. कपड्यांवरचे गंजाचे डाग याच रसाने जुन्या बायका काढत. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, मात्र अजिबात वापरू नये, त्यात मीठ असतं आणि मीठ गंजाला बोलावून आणतं. पुण्यात असलो तर किराण्यातलं लिंबूसत्व पाण्यात विरघळवतो. हत्यार त्यात रात्रभरापेक्षा जास्त ठेवत नाही, कारण गंज संपला की आम्ल चांगलं पोलाद खायला लागतं. बाहेर काढून ब्रशने घासायचं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, धुऊन लगेच उन्हात किंवा चुलीजवळ कोरडं करायचं आणि तेलाचं बोट फिरवायचं. ओलं ठेवलं तर तासाभरात पिवळा गंज पुन्हा दिसतो.

खड्ड्यांत रुतलेल्या गंजासाठी विजेची पद्धत चांगली. प्लास्टिकची बादली, त्यात धुण्याचा सोडा विरघळवलेलं पाणी, 12 व्होल्टचा बॅटरी चार्जर. ऋण टोक हत्याराला, धन टोक साध्या लोखंडाच्या तुकड्याला, आणि दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरून विषारी होतं. हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हे काम उघड्या अंगणातच, आणि वायर जोडताना-काढताना चार्जर बंद. या पद्धतीत चांगलं लोखंड जसंच्या तसं राहतं.

आंबट पाण्यातून निघालेल्या जुन्या कुऱ्हाडीवर कधी कधी एक फार सुंदर गोष्ट दिसते. धारेपासून दोन-तीन बोटं मागे एक वेडीवाकडी रेघ असते. तिच्या पुढचा भाग काळसर, मागचा फिकट. पूर्वी पोलाद महाग होतं, म्हणून लोहार अंगाला मऊ लोखंड घेई आणि फक्त धारेच्या जागी पोलादाची पट्टी भरून, तापवून, ठोकून एकजीव करी. पोलादातल्या कार्बनमुळे आम्लात त्याचा रंग गडद होतो आणि सांधा उघडा पडतो. ही रेघ नुसती पाहण्यासारखी नाही, ती हिशेबाची आहे. काळा भाग किती उरला तेवढंच त्या कुऱ्हाडीचं आयुष्य उरलं. बाजारातून आणलेल्या एका गावठी कुऱ्हाडीत हा काळा पट्टा जेमतेम अर्धा बोट होता. ती मी धार न लावता तशीच ठेवून दिली आहे, पोलाद भरणारा लोहार मिळेपर्यंत.

धार मी कानशीने आणतो. दहा इंची चपटी कानस, जे.के.ची, तिचा एक कारखाना आमच्या कोकणातच, रत्नागिरीला उभा राहिला. हत्यार वाईसमध्ये लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये पकडायचं. कानस फक्त पुढे जाताना दाबायची, मागे येताना उचलायची, नाहीतर तिचे दात बोथट होतात. दातांत खडू घासून ठेवला की लोखंडाचा चुरा अडकत नाही. हाताच्या आणि धारेच्या मध्ये मुठीला चामड्याचा गोल तुकडा ओवून घेतो. कानस निसटली की बोटं सरळ धारेवर जातात. आधी फुललेल्या माथ्याची कड उतरवतो, मग धारेचे दात जातील एवढंच घासतो. लाकूड फोडायच्या आणि तोडायच्या कुऱ्हाडीला दोन्ही बाजू मिळून 25 ते 30 अंशांचा कोन, आणि तो सपाट न ठेवता किंचित फुगीर. सपाट आणि फार पातळ धार ओल्या लाकडात रुतून बसते, कोरड्या गाठीवर तुटते. कोयत्याला याहून थोडा बारीक कोन चालतो. शेवटी कुरुंदाच्या दगडावर पाणी घालून गोल गोल फिरवत निसायचं, दोन्ही बाजूंना सारखं, धारेवर उभी राहिलेली तार, म्हणजे दुमडलेली बारीक कड, निघून जाईपर्यंत.

कोयत्यांपैकी एक कानशीला अगदी मऊ लागला. त्याच सुमारास कोल्हापूरकडून गावी जाताना एका गावाच्या वेशीवर घिसाड्यांचं पाल दिसलं. घिसाडी म्हणजे फिरते लोहार. मूळ राजस्थानकडचे असं ते सांगतात आणि राणा प्रतापाशी आपलं नातं जोडतात. रस्त्याच्या कडेला जमिनीत छोटी भट्टी, ऐरण जमिनीत रोवलेली. पुरुष सांडशीत लोखंड धरून छोट्या हातोडीने जागा दाखवतो आणि समोर उभी बाई घण घालते. हे दृश्य पुष्कळांनी पाहिलं असेल, पण जवळ बसून पाहिलं तर त्या दोघांच्या मधलं न बोलता चाललेलं काम थक्क करणारं असतं. हातोडी ऐरणीवर आडवी टेकली की घण थांबतो.

मी त्या बाईंना कोयता दाखवला. “दादा, शेवटून पाहिजे का नुसता पाजवून?” त्यांनी विचारलं. शेवटणं म्हणजे धार तापवून ठोकून पातळ करणं, पाजवणं म्हणजे तिला पाणी देणं. पातं आधीच पातळ होतं, म्हणून नुसता पाजवून मागितला. त्यांनी कोयता सबंध तापवला नाही, फक्त धारेची बाजू निखाऱ्यात धरली. पंखा फिरवणाऱ्या मुलाला हात दाखवून वारा कमी केला आणि पालाच्या सावलीत पात्याचा रंग पाहत राहिल्या. उन्हात रंग कळत नाही, म्हणून हे काम सावलीत. पोलाद सुमारे 770 अंशांच्या पुढे गेलं की लोहचुंबकाला चिकटत नाही, आणि पाणी द्यायला त्याच्या थोडं वरचं तापमान लागतं. त्यांना चुंबकाची गरज नव्हती. पिकल्या चेरीच्या लाल रंगाला पातं आलं, तशी फक्त धार पाण्यात बुडवली, पाठ बाहेर ठेवली.

मग खरी कसरत. इतकं कडक झालेलं पोलाद काचेसारखं ठिसूळ असतं. पात्याचा एक पट्टा विटेच्या तुकड्याने घासून त्यांनी पांढरा केला आणि पाठीत उरलेली ऊब धारेकडे यायची वाट पाहिली. पांढऱ्या पट्ट्यावर रंग सरकत येतात: आधी गवती पिवळा, साधारण 220 ते 230 अंशांना, मग तपकिरी, मग 270 ते 280 ला जांभळा, त्यानंतर निळा. वस्तऱ्याला पिवळा पुरतो. आदळआपट सोसणाऱ्या हत्याराला जांभळा हवा, म्हणजे धार टिकते आणि तुटत नाही. जांभळा धारेला टेकला त्या क्षणी कोयता पाण्यात गेला. सगळं मिळून माझ्या चहाचा कप संपायच्या आत. घरी कानस लावली तर ती घसरत गेली, मोजक्याच जागी चावली.

दुसरा कोयता, आजींनी दिलेला, मी आमच्या वाडीजवळच्या लोहाराकडे नेला होता. सत्तरीच्या पुढचे मेस्त्री. त्यांनी अंगठ्याच्या नखावर धार टेकवली, पाठीवर बोट फिरवलं आणि पातं कानाजवळ धरून टिचकी मारली. “ह्येका भट्टीत घालू नकात. पाणी चांगला आसा. गाडयेच्या पाट्याचो आसा ह्यो,” ते म्हणाले. ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद घेऊन कोयते करण्याची रीत सगळीकडे आहे. ते पोलाद कडकही होतं आणि लवचीकही राहतं. मी विचारलं, “मेस्त्री, तुम्हीच केलेला की काय?” त्यांनी मुठीच्या बाजूची शेपटी पाहिली आणि मान हलवली. त्यांच्या वडिलांच्या हातचा असावा, असं त्यांना वाटलं. पैसे विचारले तर म्हणाले, “काम काय केलंय मी?”

दांड्याची गोष्ट लोक हलक्यात घेतात. आमच्याकडे धामण आणि तिवस ही लाकडं दांड्यासाठी नावाजलेली, देशावर बाभूळ. धामणीचं लाकूड चिवट आणि लवचीक असतं, घावाचा दणका मनगटापर्यंत येऊ देत नाही. लाकूड ओलं असताना दांडा कधीच बसवू नये. ते वाळताना आकसतं आणि डोकं सैल होतं. मी फाटे सावलीत, टोकांना मेण लावून, पुढच्या मोसमापर्यंत ठेवतो. मेण नसेल तर टोकाकडून ओल वेगाने उडते आणि चीर पडते. तासताना लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीबरोबर सरळ जायला हव्यात. मध्येच बाहेर पडणारी रेषा म्हणजे तिथे दांडा मोडणार. गावठी कुऱ्हाडीचं भोक टिकावासारखं असेल तर दांडा वरून ओवायचा, जाड टोक वर राहतं आणि प्रत्येक फटक्याबरोबर डोकं आणखी घट्ट बसतं. गिल्पिनच्या डोक्याला खालून दांडा घालून, वरच्या खाचेत लाकडी पाचर ठोकावी लागली. सैल डोकं पाण्यात बुडवून घट्ट करायची पद्धत सर्रास आहे. त्याने दिवसभर भागतं, पण फुगलेलं लाकूड लोखंडात चेपून बसतं आणि वाळल्यावर आधीपेक्षा सैल होतं.

दांड्याला वॉर्निश लावत नाही, त्याने हाताला फोड येतात. जवसाचं तेल पातळ हाताने, दोन हातांमध्ये काही दिवस जाऊ देऊन. ते हवेत वाळून लाकडातच घट्ट होतं. त्या तेलाची चिंधी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाही. वाळताना तेल तापतं आणि चिंध्यांचा गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. मी चिंधी दोरीवर पसरून वाळवतो, मग टाकतो. पात्याला खोबरेल. पावसाळ्यात कोकणातली हवा महिनोन्‌महिने दमट असते, तेव्हा तेल पुसटसं नको, चांगलं जाड. आणि चामड्याच्या म्यानात हत्यार वर्षभर ठेवू नये, चामडं ओल धरतं.

कोयत्याला नवी मूठ शिवणीच्या लाकडाची केली, शेपटी आरपार नेऊन टोक वाकवलं आणि पुढे पितळी शेंबी, म्हणजे कडं, बसवली. कमरेच्या मागे कोयता अडकवायला लाकडी आकडी लागते, ती वाडीतल्या एका काकांनी करून दिली. झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे राहतात.

बेणणीला आलेल्या गड्यांना मी सगळी हत्यारं मांडून दाखवली. त्यांनी घिसाड्यांकडून पाजवलेला कोयता उचलला, दोन जाळ्या साफ केल्या आणि परत येऊन म्हणाले, चोचीच्या आतल्या वळणात धार अजून बारीक हवी, ओढून कापताना अडते. तिथे सपाट कानस पोचत नाही, गोल कानस लागते. दुपारी ती कणकवलीहून आणली आणि चोच घासून दिली. गिल्पिनची कुऱ्हाड मात्र त्यांना जड वाटली. ती मी उभ्या ऐनाच्या वाळक्या बुंध्यांसाठी ठेवली आहे, आणि बागेच्या कामाला त्यापेक्षा हलकं, किलोभराचं डोकं जुन्या बाजारात पाहतो आहे.